विमानाचा डोळा आणि त्याची निगा



आपल्या गावाचे नाव बाहेर सांगायचे झाले तर ‘जऊळका रेल्वे’ असे सांगावे लागते. गाडीची शिटी आपल्या कानांना ओळखीची आहे. विमानाची घरघर मात्र क्वचितच ऐकू येते. धावपट्टी पाहायची तर अकोल्याजवळच्या शिवणीला जावे लागते आणि मोठे विमान पाहायचे तर नागपूरला. अशा ठिकाणी लहान विमानाच्या पुढच्या तावदानाची साफसफाई हा विषय घेऊन कोणी उभा राहिला, तर ‘बुवा, आमच्या बैलगाडीला काच नसते’ असे श्रोत्यांनी म्हटले तरी राग मानण्याचे कारण नाही. तरीही मी हा विषय मुद्दाम निवडला आहे. तो का निवडला, हे बोलता बोलता आपोआप उलगडेल. आरंभी एवढेच सांगतो, की ज्या पदार्थाविषयी मी बोलणार आहे तो पदार्थ घेऊन या मंडपात आज कोणी ना कोणी बसलेले असण्याचा पुष्कळ संभव आहे. आणि तो त्यांच्या खिशात नाही, डोळ्यात आहे.

प्रथम पदार्थाची ओळख करून घेऊ. लहान विमानाच्या पुढे जी पारदर्शक ढाल असते, तिला आपण सवयीने काच म्हणतो. पण ती काच नव्हे. ते अ‍ॅक्रिलिक नावाचे प्लास्टिक आहे. रसायनशास्त्रात त्याला पॉलिमेथिल मेथाक्रिलेट म्हणतात. मेथिल मेथाक्रिलेट या द्रवाचे लहान लहान रेणू एकापुढे एक गुंफले जाऊन लांबलचक साखळ्या तयार होतात, आणि त्या साखळ्यांचा गुंता म्हणजे हा पदार्थ. शेवयांच्या वाळलेल्या गोळ्याची कल्पना करा. शेवया एकमेकींना डिंकाने चिकटलेल्या नसतात, एकमेकींत अडकलेल्या असतात. ही शेवयांची उपमा ध्यानात ठेवावी. पुढे ती उपयोगी पडणार आहे.

जर्मनीतील डार्मस्टाट येथे ओटो रोम या रसायनशास्त्रज्ञाच्या कारखान्यात हा पदार्थ तयार झाला आणि १९३३ साली ‘प्लेक्सिग्लास’ या नावाने बाजारात आला. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये तो ‘पर्स्पेक्स’ या नावाने निघाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन जुहूच्या मैदानावर उतरले, तेव्हा हा पदार्थ बाजारात यायचा होता. त्यापूर्वीच्या विमानांना खरी काच किंवा सेल्युलॉइड वापरीत. काच जड, वाकवायला अवघड, आणि फुटली तर तिचे सुरे होणार. सेल्युलॉइड उन्हाने पिवळे पडणार आणि ठिणगी लागली तर भडकणार. अ‍ॅक्रिलिकने या दोन्ही अडचणी पुष्कळशा दूर केल्या. ते काचेच्या निम्म्याहून कमी वजनाचे आहे. तापविले की मऊ पडते आणि हव्या त्या गोलाईत बसविता येते. आणि प्रकाश? शंभर भाग प्रकाश आला तर ९२ भाग पलीकडे जातो. उरलेले आठ भागही तो पदार्थ गिळत नाही. पुढच्या पृष्ठावर सुमारे चार आणि मागच्या पृष्ठावर चार असे ते परावर्तित होतात. म्हणजे निर्मळपणात तो खिडकीच्या साध्या काचेला हार जात नाही.

मग गोम कोठे आहे? गोम तीन ठिकाणी आहे. अ‍ॅक्रिलिक मऊ आहे, ते तापमानाने फार फुगते-आकसते, आणि काही द्रवांचे त्याच्याशी हाडवैर आहे. या तीन दोषांतून साफसफाईचे सारे नियम निघतात. नियम नुसते पाठ केले तर विसरतात. कारण कळले तर नियम आपल्यालाच सुचतात. म्हणून एकेक दोष घेऊ.

पहिला दोष मऊपणाचा. आपली जमीन काळी कसदार. कापूस, तूर, सोयाबीन पिकविणारी. ही माती काळ्या कातळाची, म्हणजे बेसॉल्टची झीज होऊन बनली आहे. त्या कातळाच्या पोटात गारगोट्या आणि अकीक सापडतात, हे नांगर धरणाऱ्याला सांगायला नको. मातीचा चिकट भाग मऊ असतो, पण तिच्यात मिसळलेले गारगोटीचे कण कठीण असतात. खनिजांचा कठीणपणा मोजण्याची एक ते दहा अशी एक श्रेणी आहे. तीत हिऱ्याला दहा, गारगोटीला सात, खिडकीच्या काचेला साधारण साडेपाच आणि अ‍ॅक्रिलिकला दोन-तीन असे गुण मिळतात. आता चैत्र-वैशाखाचा वारा सुटला आहे, तावदानावर धुळीचा थर बसला आहे, आणि कोणी भला माणूस कोरडे फडके घेऊन ते पुसावयास निघाला आहे. तो काय करतो? गारगोटीचे शेकडो कण फडक्याखाली धरून मऊ पृष्ठावर फिरवितो. पुसणे कसले, ते पॉलिश-कागदाने घासणे झाले. त्यातून आणखी एक खोड निघते. कोरड्या फडक्याने प्लास्टिक घासले की त्यावर विजेचा भार साठतो. केसांवरून फिरविलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, तसे ते तावदान आसपासची धूळ आपल्याकडे ओढते. म्हणजे पुसणारा जितके पुसेल तितकी धूळ येईल, आणि जितकी धूळ येईल तितके तो पुसेल.

याविषयी मला एक आठवण सांगावीशी वाटते. एका धावपट्टीवर मी एका मदतनीस मुलाला पाहिले होते. मुलगा अत्यंत कष्टाळू. वैमानिक येण्याआधी, उजाडताच तो विमानाचे तावदान कोरड्या कापडाने लखलखीत करून ठेवी. सारे त्याची पाठ थोपटीत. वर्षभराने एके संध्याकाळी त्या विमानातून एक शिकाऊ वैमानिक मावळत्या सूर्यासमोर उतरू लागला आणि तावदानभर एकाएकी सोनेरी धुके पसरले. पट्टी दिसेना. सुदैवाने शेजारी बसलेल्या शिक्षकाने विमान पुन्हा वर उचलले आणि फेरी मारून दुसऱ्या बाजूने उतरविले. खाली आल्यावर शोध सुरू झाला. तेव्हा त्या मुलाच्या वर्षभराच्या श्रमांची मोजदाद त्या तावदानावर सापडली. हजारो वर्तुळाकार बारीक ओरखडे पडले होते. सगळ्यांनी मुलाला बोल लावला. पण मी विचार केला, त्याला पाण्याची बादली कोणी दिली होती? पुसण्याची रीत कोणी दाखविली होती? कष्ट करायला सांगायचे आणि कारण सांगायचे नाही, ही आपली जुनी खोड आहे. आणि तिचे मोल बहुधा कष्ट करणाऱ्यानेच भरावे, हाही आपला जुनाच न्याय आहे.

ते सोनेरी धुके कशाचे होते, तेही पाहू. दुपारी, सूर्य पाठीशी असताना बारीक ओरखडे दिसतच नाहीत. सूर्य समोर आला की प्रत्येक ओरखड्याची कड प्रकाश फेकते. सरळ डोळ्यात यावयाचा प्रकाश दाही दिशांना विखुरतो आणि सगळे तावदान उजळून निघते. उजळलेल्या पडद्यामागचे काही दिसत नाही. रात्री समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे आणि मोटारीची मळकी काच यांचा अनुभव ज्यांना आहे त्यांना हे चटकन पटेल. ओरखडे गोल गोल असले तर त्यांपैकी काही ना काही नेहमीच सूर्याला आडवे सापडतात, आणि सूर्याभोवती तेजाचे कडे उभे राहते. म्हणून पुसणाराचा हात सरळ रेषेत, वर-खाली किंवा पुढे-मागे जावा, गोल फिरू नये, असे जाणते लोक सांगतात. ओरखडा पडायचाच असेल तर निदान तो सर्व दिशांना पडू नये, असा त्यातला हिशेब.

आता कोणी म्हणेल, एवढ्याशा डागाने काय बिघडते? त्याचा हिशेब मांडू. लहान विमाने दर ताशी १८५ किलोमीटरच्या आसपास उडतात. दोन विमाने समोरासमोर येत असतील तर त्यांच्यातले अंतर दर सेकंदाला सुमारे १०० मीटरने तुटते. दोन किलोमीटर संपायला वीस सेकंदच पुरतात. शिकाऊ वैमानिकांच्या ओळखीच्या सेस्ना १५२ या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत दहा मीटरच्या किंचित वर आहेत. तावदान डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर धरले, तर दोन किलोमीटरवरचे तसे विमान तावदानावर किती मोठे दिसेल? अवघे तीन मिलिमीटर. चिरडलेला एक किडा एवढाच असतो. आणि यातला खरा घात पुढेच आहे. ज्या विमानाशी आपली टक्कर होणार असते, ते तावदानावर सरकताना दिसत नाही. एकाच जागी स्थिर राहते आणि हळूहळू मोठे होते. जे सरकते ते बाजूने निघून जाते. म्हणजे धोक्याचे विमान आणि किड्याचा डाग या दोन्ही स्थिर असणाऱ्या गोष्टी. वैमानिकाच्या मनाने एकदा ‘तो डागच आहे’ असे ठरविले, की पुढे विचारायला नको. म्हणून तावदान स्वच्छ ठेवणे हे शोभेचे काम नाही.

दुसरा दोष फुगण्या-आकसण्याचा. एक मीटर लांबीचे अ‍ॅक्रिलिक ४० अंशांनी तापले तर जवळजवळ पावणेतीन मिलिमीटर वाढते. तेवढीच काच अर्धा मिलिमीटरही वाढत नाही, आणि विमानाच्या सांगाड्याचे अ‍ॅल्युमिनियम एक मिलिमीटरच्या आत राहते. आपल्याकडे पौषात पहाटे दहा अंशांची थंडी आणि वैशाखात दुपारी पंचेचाळिसाचा पारा. उन्हात बंद करून ठेवलेल्या विमानाच्या आत तर त्याहूनही अधिक. तावदान वाढू पाहते, चौकट त्याला वाढू देत नाही. मग ताण कोठे जाणार? म्हणून ते चौकटीच्या खाचेत रबराच्या किंवा फेल्टच्या पट्टीत मोकळे बसवितात, स्क्रूची भोके स्क्रूहून मोठी ठेवतात, आणि स्क्रू आवळून झाला की किंचित उलटा फिरवितात. सुतार दाराची फळी बसविताना पावसाळ्याच्या फुगवट्यासाठी फट ठेवतो, तीच ही युक्ती.

साफसफाई करणाऱ्याने यातून एक गोष्ट घ्यावी. भर दुपारी तापलेल्या तावदानावर थंडगार पाणी ओतू नये. तापलेल्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब पडला तर काय होते, हे आमच्या पिढीने पाहिले आहे. अ‍ॅक्रिलिक लागलीच तडकेल असे नाही. पण आधीच ताणलेल्या जागी भेगेला निमंत्रण मिळते. धुण्याचे काम पहाटे करावे किंवा विमान सावलीत आणून निवल्यावर करावे.

तिसरा दोष सर्वांत फसवा आहे. पेट्रोल, अल्कोहोल, अ‍ॅसिटोन, बेंझीन, रंगाचा थिनर, घरातील काच पुसण्याची अमोनियायुक्त फवारणी, आग विझविण्याची आणि बर्फ वितळविण्याची द्रवे ही अ‍ॅक्रिलिकला वर्ज्य आहेत. सेस्नाच्या वैमानिक-पुस्तिकेतही यांतील बहुतेकांवर स्पष्ट बंदी घातलेली असते. यांतली काही द्रवे अ‍ॅक्रिलिक सरळ विरघळवितात. ते निदान लगेच दिसते. पण काही द्रवे तसे न करता एक गुप्त काम करतात. तावदान गोलाईत वाकविताना आणि चौकटीत बसविताना त्याच्या अंगात ताण उरलेला असतो. शेवयांची उपमा आता आठवा. शेवया ताणलेल्या आहेत आणि एकमेकींत अडकल्या आहेत, म्हणून गोळा एकसंध आहे. द्रवाचे रेणू त्यांच्यामध्ये शिरतात, अडकलेल्या साखळ्या सुटू लागतात, आणि ताणाला आडव्या अशा असंख्य सूक्ष्म चिरा पडतात. तिरप्या प्रकाशात त्या चांदीच्या तारांसारख्या चमकतात. आज पुसले, उद्या स्वच्छ दिसले, आणि काही दिवसांनी जाळे उमटले, असे घडते. म्हणून दोष कोणाचा हेही कळत नाही. ओरखडा वरचा असतो, तो घासून काढता येतो. ही चीर अंगातली असते. जाळे दाट झालेले तावदान बदलण्यावाचून गत्यंतर नसते.

हे आपल्यालाही नवे नाही. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा दुकानांच्या गल्ल्यांवर आणि बँकांच्या खिडक्यांवर पारदर्शक पडदे उभे राहिले. त्यांतले पुष्कळ अ‍ॅक्रिलिकचे होते. दिवसातून अनेकदा ते सॅनिटायझरने पुसले जात, आणि सॅनिटायझर म्हणजे बहुतांशी अल्कोहोल. पुढे अशा पुष्कळ पडद्यांच्या कडांशी आणि स्क्रूंच्या भोकांशी कोळिष्टकासारख्या रेघा उमटल्या. कडांशी आणि भोकांशीच का? कारण ताण तेथेच असतो.

पंख वर असणाऱ्या विमानांत आणखी एक धोका आहे. इंधनाची टाकी पंखात असते. भरणाऱ्याचा हात चुकला की पेट्रोलचा ओघळ थेट तावदानावर येतो. अशा वेळी फडके शोधीत बसू नये. भरपूर पाणी ओतून ओघळ धुऊन काढावा आणि मग साबणाच्या पाण्याने धुवावे.

फवारणीच्या विमानांनाही हा उपद्रव होतो. पिकांवर औषध मारण्यासाठी आपल्या देशात ‘बसंत’ नावाचे विमान बनले होते. बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने ते घडविले आणि १९७२ साली ते उडाले. अशी चाळिसाच्या आत विमाने तयार झाली. वसंत व्याख्यानमालेत ‘बसंत’चे नाव घेण्याचा मोह मला आवरला नाही, हे आपण समजून घ्याल. पिकाच्या शेंड्यांवरून उडणाऱ्या अशा विमानाच्या तावदानावर माती, किडे आणि औषधाचे तुषार एकाच वेळी बसतात. आणि कीटकनाशके ज्या द्रावकांत विरघळवितात त्यांतली काही अ‍ॅक्रिलिकच्या वैऱ्यांपैकीच आहेत.

आता प्रत्यक्ष कृती. ज्या विमानाचे काम असेल त्याची पुस्तिका आधी वाचावी. तिचा शब्द अखेरचा. सर्वसाधारण रीत अशी. हातातली अंगठी, घड्याळ, कडे काढून ठेवावे. तावदानावर स्वच्छ पाणी सोडावे, पण जोराच्या फवाऱ्याने नव्हे. धूळ भिजून, सुटून, वाहून गेली पाहिजे. मग सौम्य साबणाचे पाणी घेऊन ते उघड्या तळहाताने हळुवार फिरवावे. हात का? फडक्याला कण कळत नाही, हाताला कळतो. भाकरीच्या पिठात खडा आला तर मळणाऱ्या बाईला जसा तो चटकन लागतो, तसा बोटांखालचा रेतीचा कण जाणवतो आणि हात तेथेच थांबतो. किडे वाळून बसले असतील तर नखाने खरवडू नये. ओले मऊ फडके त्यांवर दहा-पंधरा मिनिटे ठेवावे. ते आपोआप सुटतात. तेलाचा वा ग्रीसचा डाग असेल तर पुस्तिकेत सांगितलेलेच द्रावण फडक्याला लावून हलकेच टिपावे. जुन्या देखभालीच्या पुस्तकांत यासाठी रॉकेल सांगितलेले आढळते. रॉकेल चालते आणि पेट्रोल चालत नाही, याचे कारण पेट्रोलमध्ये टोल्युइनसारखे घटक असतात व ते अ‍ॅक्रिलिकमध्ये शिरतात. शुद्ध रॉकेलात त्यांचे प्रमाण कमी असते. पण बाजारच्या रॉकेलात काय मिसळले आहे याची हमी कोण देणार? म्हणून अभियंत्याला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

त्यानंतर पुन्हा भरपूर पाणी. मग शॅमॉय नावाचे मऊ कातडे किंवा स्वच्छ, मऊ सुती कापड ओले करून, पिळून, त्याने पाणी टिपून घ्यावे. कापड अनेकदा धुतलेल्या जुन्या धोतरासारखे मऊ असावे. त्याला खळ, शिवण, बटण, काठ काही नसावे. ते याच कामासाठी वेगळे ठेवावे, पिशवीत बंद ठेवावे, आणि एकदा जमिनीवर पडले तर धुतल्याशिवाय पुन्हा तावदानाला लावू नये. इंजिन पुसलेले फडके तावदानाकडे आणणे म्हणजे चुलीतले पोतेरे देवघरात नेणे होय. भांडी घासायची पूड, राख, काथ्या यांचे नावही काढू नये.

तावदान स्वच्छ झाल्यावर अ‍ॅक्रिलिकला चालणाऱ्या मेणाचा पातळ, सारखा थर द्यावा आणि मऊ फ्लॅनेलने हाताने हलके चोळावा. मेण दोन कामे करते. बारीक ओरखड्यांच्या चरीत भरून त्यांची प्रकाश फेकण्याची शक्ती कमी करते, आणि पुढच्या धुळीला पाय रोवू देत नाही. आपण तव्याला तेलाचा हात फिरवितो त्यातलाच हा प्रकार. मात्र तेही धुतल्यावर करावे; धुळीवर मेण लावले तर धूळच आत बसते.

आच्छादनाविषयी एक गैरसमज आहे. ऊनपावसापासून रक्षण म्हणून कोणी जाड किरमिजाचे कापड तावदानावर बांधतात. वाऱ्याने ते फडफडते, खाली धूळ शिरते, आणि रात्रभर कोणी हात न लावता घासण्याचे काम चालू राहते. सेस्नाची पुस्तिका गारठलेल्या पावसाची भीती नसेल तर असे कापड घालू नये असेच सांगते. आणि आपल्याकडे तसा पाऊस पडत नाही. सर्वांत चांगले आच्छादन म्हणजे छप्पर. छप्पर नसेल तर त्या विमानाकरिता शिवलेले, आतून मऊ आणि स्वच्छ आच्छादन घट्ट बांधावे, आणि ते घालण्यापूर्वी तावदान धुवावे. विमान रंगविताना तर तावदान पूर्ण झाकलेच पाहिजे. रंग काढण्याच्या रसायनाचा एक शिंतोडाही पुरे होतो.

एवढे करूनही ओरखडे पडतातच. तेव्हा नखाची परीक्षा करावी. ओरखड्यावरून नख आडवे नेले आणि ते अडकले नाही तर पॉलिशने तो निघण्याजोगा आहे. नख अडकले तर काम परवानाधारक अभियंत्याचे. उत्साहाच्या भरात एकाच जागी घासत बसले की तेथे खळगा पडतो, आणि खळगा म्हणजे भिंगच. ओरखडा जातो, पण त्या जागेतून धावपट्टी वाकडी दिसू लागते. डाग निदान दिसतो. वाकडे दिसणे कळतही नाही. भेग पडली असेल तर तिच्या टोकाशी बारीक गोल भोक पाडून ती थोपविण्याची एक रीत आहे. भेगेच्या अणकुचीदार टोकाशी ताण एकवटतो, गोल भोकाच्या कडेवर तो वाटला जातो, हे त्यामागचे कारण. पण तो तात्पुरता इलाज, आणि तोही अभियंत्याच्या हातचा.

आरंभी मी म्हटले होते, की हा पदार्थ या मंडपातील कोणाच्या तरी डोळ्यात आहे. ती हकीकत सांगून संपवितो. ऑगस्ट १९४० मध्ये इंग्लंडच्या आकाशात घनघोर युद्ध चालू असताना गॉर्डन क्लीव्हर नावाच्या वैमानिकाच्या हरिकेन विमानाचे पर्स्पेक्सचे आच्छादन गोळ्यांनी फुटले आणि त्याचे तुकडे त्याच्या दोन्ही डोळ्यांत गेले. हॅरल्ड रिडले या नेत्रवैद्यांनी अशा जखमी वैमानिकांचे डोळे तपासले, तेव्हा त्यांना एक नवल दिसले. परकी वस्तू डोळ्यात गेली की डोळा सुजतो, लाल होतो, तिला बाहेर ढकलू पाहतो. पण हे तुकडे डोळ्याने निमूटपणे सहन केले होते. त्यांच्या मनात आले, मग मोतीबिंदू काढल्यावर रिकाम्या झालेल्या जागी याच पदार्थाचे भिंग का बसवू नये? २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी अशी पहिली शस्त्रक्रिया केली. समव्यवसायी पुष्कळांनी त्यांना वेड्यात काढले; मान्यता मिळावयास अनेक वर्षे जावी लागली. पुढे मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून ही भिंगे आपल्या देशात स्वस्तात बनविण्यास आरंभ केला. त्यानंतर मऊ, घडी घालता येणारी भिंगेही आली. त्यांतली पुष्कळ अ‍ॅक्रिलिकच्याच कुळातली आहेत. खेड्यापाड्यांतील शिबिरांतून ज्या आजीबाईंना पुन्हा नातवंडांची तोंडे दिसू लागली, त्यांच्यापैकी कित्येकींच्या डोळ्यांत आज विमानाच्या तावदानाचा सख्खा भाऊ बसलेला आहे. डोळ्यातल्या त्या भिंगाला ना धूळ लागत ना पुसावे लागत. निसर्गाने पापणी आणि अश्रू यांची व्यवस्था आधीच करून ठेवली आहे. आणि पाहा, ती व्यवस्थाही आधी पाण्याचीच आहे! डोळ्यात कचरा गेला की डोळा प्रथम पाणी सोडतो. चोळण्याची घाई आपण करतो, आणि बुबुळाला इजा करून घेतो.

फवारणी करताना घालावयाचा चष्मा, मोटारसायकलवाल्याच्या शिरस्त्राणाची पुढची झडप, ही बहुधा पॉलिकार्बोनेटची असतात. तो अ‍ॅक्रिलिकचा चुलतभाऊ. आघाताला अधिक चिवट, पण ओरखड्याला आणि द्रावकाला तितकाच नाजूक. तीही आपण सदऱ्याच्या टोकाने कोरडी पुसतो, पेट्रोलने चमकवितो, आणि मग रात्री समोरच्या दिव्याने डोळे दिपले की रस्त्याला दोष देतो. तेव्हा विमान नसले तरी विमानाचा नियम जऊळक्यात लागू आहे: आधी पाणी, मग हात, शेवटी फडके.

आज विदर्भातली मुलेमुली वैमानिक होण्यासाठी नागपूरला, गोंदियाजवळच्या बिरसीला जाऊ लागली आहेत. उद्या या गावातले कोणी गेले, तर उड्डाणाच्या आधी तावदान धुण्याचे काम त्याच्याही वाट्याला येईल. त्याने ते हलके मानू नये. आणि त्याच्या शेजारी बादली घेऊन जो मदतनीस उभा असेल, त्याला कामाबरोबर त्यामागचे कारणही सांगावे. ज्याच्या हाती विमानाचा डोळा सोपवायचा, त्याला डोळसपणे काम करू देणे हे आपलेच कर्तव्य आहे.